आधी धुणं, मग छपाई : अजरख शिकायला जाताना

पुण्या-मुंबईत शनिवार-रविवारी ठसेछपाईच्या कार्यशाळा होतात. ताटात तयार रंग, हातात लाकडी ठसा, समोर पांढरा सुती कपडा. संध्याकाळपर्यंत एखादा स्टोल होतो आणि आपण खूश होऊन घरी येतो. अशा दोन-चार कार्यशाळा केल्या, घरी थोडे ठसे जमले, ओळखीपाळखीत काही ओढण्या खपल्याही, की पुढे काम अडतं. हात बसलेला असतो. नवे ठसेही आणून होतात. तरी कपडा मात्र पहिल्यासारखाच दिसतो.

इथून पुढे जायचं तर एखाद्या मुरलेल्या कारागिराकडे राहून शिकण्याइतका चांगला उपाय दुसरा नाही. ते कसं करायचं, हे आपण कच्छच्या अजरखच्या आधाराने पाहू. अजरख म्हणजे नीळ आणि लाल रंगात, भौमितिक नक्षीत छापलेला सुती कपडा. त्याची एकही पायरी एकटी उभी राहत नाही. आजची चूक आठवड्याने दिसते, त्यामुळे नुसती कृती लिहून आणून भागत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. अजरख शिकायला निघालेला माणूस बहुधा छपाई शिकायला निघालेला असतो. छपाई हा त्यातला सोपा भाग आहे. खरं शिकायचं असतं ते धुणं, भिजवणं आणि वाळवणं. हे मनाशी पक्कं असलं, तर तिथले दिवस कशात घालवायचे ते आपोआप ठरतं.

निघण्यापूर्वी हा फरक समजून घ्या. कार्यशाळेतला तयार रंग कपड्यावर बसतो. त्यात एक चिकट द्रव्य असतं, ते रंगाला धाग्यावर धरून ठेवतं. अजरखमध्ये ठशाने बहुतेक वेळा रंग छापतच नाहीत. छापतात ती रंगाची जागा. एके ठिकाणी रंग शिरू नये म्हणून लेप लावायचा (याला रोधक म्हणू), तर दुसऱ्या ठिकाणी रंग धाग्यात पक्का बसावा म्हणून तुरटीसारखं द्रव्य लावायचं. या दुसऱ्या प्रकाराला रंगबंधक किंवा मॉर्डन्ट म्हणतात. छापताना कपडा मळकट आणि चिखल लागल्यासारखा दिसतो. लाल, निळा, पांढरा सगळं नंतर, पाण्यात उलगडतं.

आता जायचं कुठे? भुजपासून दहा-पंधरा किलोमीटरवर अजरखपूर नावाचं गाव आहे. ते फार जुनं नाही. खत्री कारागीर सिंधमधून सोळाव्या शतकात कच्छमध्ये आले आणि धमडका गावी स्थिरावले. तिथे नदी होती, आणि या कामात पाणी म्हणजे निम्मं भांडवल. पुढे नदी आटली. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात गावाची पडझड झाली, आणि तिथल्या पाण्यातलं लोहाचं प्रमाण वाढून ते रंगकामाला निरुपयोगी ठरू लागलं. तेव्हा काही कुटुंबांनी नवं गाव वसवलं आणि त्याला कलेचंच नाव दिलं. धमडक्यातही काम चालूच आहे. पाणी बिघडलं म्हणून माणसांनी गाव हलवलं, एवढं ध्यानात ठेवलंत तर पाण्याबद्दल पुढे जे सांगणार आहे ते पटायला जड जाणार नाही.

नैसर्गिक रंगांची विद्या मधल्या काळात मागे पडली होती. ती पुन्हा उभी करण्यात धमडक्याच्या मोहम्मद सिद्दिक खत्री यांचा वाटा मोठा. त्यांचे पुत्र डॉ. इस्माईल मोहम्मद खत्री यांना 2003 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. मोठ्या नावांकडे देशोदेशीचे विद्यार्थी येत असतात. मला विचाराल तर नावाच्या मागे फार लागू नका. ज्याच्या कारखान्यात धुण्याचे हौद भरलेले आहेत, नातेवाईक आणि कामगार मिळून रोज माल निघतो आहे आणि ज्याला आपल्याशी बोलायला थोडी फुरसत आहे, असा कारागीर नवशिक्याला जास्त उपयोगी पडतो.

म्हणून पहिली फेरी फक्त बघण्यासाठी ठेवा. मुंबईहून रात्रीच्या गाडीने सकाळी भुजला पोहोचता येतं. अजरखपुरातच श्रुजन संस्थेने 2016 मध्ये उघडलेलं एलएलडीसी हे हस्तकलेचं संग्रहालय आहे. ते आधी पाहा, म्हणजे डोळा तयार होतो. मग दोन-तीन कारखान्यांत जा. तिथे तयार दुपट्ट्यांच्या ढिगाऐवजी मागच्या बाजूचे हौद, वाळत घातलेले कपडे आणि अर्धवट झालेले थान बघा. आदिपूरला सोमैया कला विद्या ही संस्था आहे. ती मुळात कारागिरांना डिझाइन शिकवण्यासाठी निघाली. तिथून शिकून आलेल्या कारागिराला आपली विद्या शब्दांत मांडायची सवय असते, आणि बाहेरच्या माणसाला त्याचा फायदा होतो.

बोलणी स्पष्ट करा. घरात कच्छी चालते, पण आपल्याशी हिंदीत किंवा गुजरातीत बोलतील. नावापुढे ‘भाई’ लावायची तिथली रीत आहे. किती दिवस राहणार, शिकवण्याचे किती घेणार, कापड-रंगाचा खर्च वेगळा का, छायाचित्रं आणि चित्रफिती चालतील का, हे आधीच विचारा. संकोचाने ‘जे द्याल ते’ म्हणणं दोघांनाही अवघड जातं. आपल्याला वेळ देताना त्यांचं काम थांबतं, त्याचे पैसे त्यांना मिळायलाच हवेत. शुक्रवारी दुपारी नमाज असते, रमझानमध्ये दिवसाची घडी बदलते. तारखा त्या बेताने धरा.

ऋतूही पाहा. ऑक्टोबर ते मार्च हा काळ सोयीचा. पावसाळी दमट हवेत लेप वाळत नाही, आणि अजरखला उन्हाची गरज पाण्याइतकीच आहे.

एक अडचण इथे बऱ्याच जणांना येते. आपण आठवड्याची रजा काढतो, पण कपडा पहिल्या धुण्यापासून शेवटच्या धुण्यापर्यंत जायला काही आठवडे लागतात. यावर साधा मार्ग आहे. वेगवेगळ्या टप्प्यांवर आलेले कपडे आपल्यासाठी काढून ठेवाल का, असं गुरूंना आधी विचारा. म्हणजे सकाळी एक कपडा भिजवता येतो आणि दुपारी दुसरा, आधीच लेप लावून वाळलेला, निळीत घालता येतो. हे न विचारता गेलेल्याला दोन टप्पे बघून परतावं लागतं.

पहिला टप्पा कपडा तयार करण्याचा. गिरणीतून आलेल्या सुती कापडाला खळ असते. ती धुऊन काढल्यावर एरंडेल, खार आणि उंटाच्या लेंड्या यांच्या पाण्यात कपडा मळतात, पिळून रात्रभर दाबून ठेवतात. दुसऱ्या दिवशी उन्हात अर्धवट सुकवतात आणि पुन्हा त्याच पाण्यात बुडवतात. असं बऱ्याच वेळा चालतं. याला तिथे ‘साज’ म्हणतात. कपडा तयार झाला की नाही याची परीक्षा सोपी आहे. ओला कोपरा चोळला की फेस यायला हवा.

नवशिका सर्वांत जास्त घाई करतो ती इथेच, कारण या टप्प्यात दाखवण्यासारखं काहीच होत नसतं. घरी तर आपण खार घालून एक उकळी काढतो आणि झालं म्हणतो. पुढे लाल रंग जागोजागी फिका-गडद आला की रंगाला दोष देतो. डाग पडलेला असतो तो या धुण्यात. गुरूंकडे असताना निदान एक थान सुरुवातीपासून स्वतः मळा. कंटाळा येईल. तरी अर्धा मळलेला आणि पूर्ण मळलेला कपडा हाताला कसा वेगळा लागतो, हे सांगून कळण्यासारखं नाही.

दुसरा टप्पा हिरड्याचा. हिरड्याच्या पुडीच्या थंड पाण्यात कपडा बुडवून उन्हात सपाट पसरतात, दोन्ही बाजूंनी वाळवतात आणि वर राहिलेली पूड झटकून टाकतात. कपडा पिवळसर होतो. हिरड्यात टॅनिन असतं, म्हणजे आपल्या जिभेला तुरट लागतं ते द्रव्य. ते सुती धाग्याला चिकटून बसतं आणि पुढच्या लोहाला व तुरटीला धरून ठेवतं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबं हिरडा गोळा करतात, म्हणजे अजरखमधली ही वस्तू आपल्या सह्याद्रीतही आहे. इथे चूक होते ती वाळवण्यात. दोरीवर दुमडून टाकला की घडीच्या रेषेवर हिरडा साचतो आणि ती रेष शेवटपर्यंत जात नाही. कच्छमध्ये कपडे जमिनीवर पसरलेले दिसतात, त्याचं कारण हे.

मग पहिली छपाई. चुना आणि बाभळीचा डिंक यांचा लेप ठशाने छापतात. जिथे हा लेप, तिथे शेवटी पांढरी रेघ. लेप घट्ट झाला तर वाळून तडकतो आणि फटीतून नीळ आत जाते. पातळ झाला तर रेघ फुगते. किती घट्ट हवा ते वजनावर सांगता येत नाही, कारण डिंक दर वेळी वेगळा असतो. गुरू लेप बोटाने उचलून पाहतात. आपणही दर वेळी बोट बुडवा आणि छापून झालेल्या कपड्याशी ताडून बघा.

ठशांबद्दल थोडंच सांगतो. ते बहुधा सागवानी असतात, आणि गांधीनगरजवळचं पेथापूर ठसे कोरण्यासाठी प्रसिद्ध आहे. एका नक्षीसाठी रेघेचा, काळ्याचा, लालचा असे वेगवेगळे ठसे लागतात आणि ते एकमेकांत अचूक बसावे लागतात. एकाच बाजूने छापलेल्या अजरखला एकपुरी म्हणतात, दोन्ही बाजूंनी छापलेल्याला बिपुरी. बिपुरी छापताना मागची रेघ पुढच्या रेघेवर पडली पाहिजे. हे हाताचं कसब आहे आणि सरावाने येतं. त्यासाठी गुरूंचा वेळ खर्ची घालू नका. रद्दी कापडावर रेघ जुळवण्याचा सराव घरी करून जा.

यानंतर काळा. भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात घालून सुमारे वीस दिवस आंबवतात. वर पिवळट साय धरली की पाणी तयार. ते गाळून चिंचोक्याच्या पिठात शिजवतात आणि ती खळ ठशाने छापतात. याला ‘कट’ म्हणतात. लोह आणि हिरड्यातलं टॅनिन एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. पूर्वीची लिहायची काळी शाईही याच मेळातून होत असे. मघाशी छपाईत बहुधा रंग छापत नाहीत असं म्हटलं, त्याला हा अपवाद. कट छापताच डोळ्यांसमोर काळा उमटतो, म्हणून नव्या माणसाला हा टप्पा आवडतो. पण लोह फार झालं की सुताला खातं. काही वर्षांनी काळ्या नक्षीच्या जागीच कपडा विरतो. घरी कट बनवणाऱ्यांनी ‘अजून काळा हवा’ म्हणून लोहाचं पाणी वाढवू नये. काळा फिका आला तर आधी हिरडा नीट बसला होता का ते पाहावं.

लालच्या जागी चिकणमाती, तुरटी आणि डिंक यांचा लेप छापतात. त्याला ‘गच’ म्हणतात. हा लेप दोन कामं करतो. माती नीळ आत येऊ देत नाही, आणि तुरटी पुढच्या लाल रंगासाठी धाग्यात मुरून बसते. छापल्याबरोबर वर लाकडाचा भुसा किंवा बारीक केलेलं वाळलं शेण भुरभुरतात, म्हणजे ओला लेप फासत नाही. मग कपडा काही दिवस नुसता ठेवायचा. या दिवसांत तुरटी धाग्यात मुरते. शिकाऊ माणसाला हे दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. तेवढ्यात नमुनावही पुरी करावी. ती कशी ठेवायची ते पुढे सांगतो.

निळीचा हौद हा स्वतंत्र विषय आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. हौदातल्या पाण्यातला प्राणवायू काढून घेतला की ती पिवळट-हिरवी होऊन विरघळते, धाग्यात शिरते, आणि कपडा बाहेर हवेत आला की पुन्हा निळी होते. जुन्या पद्धतीच्या हौदात हे काम आंबवून होतं. त्यासाठी गूळ, चुना, खार यांच्याबरोबर टाकळ्याच्या बिया वापरतात. होय, पावसाळ्यात आपल्याकडे रस्त्याकडेला माजतो तोच टाकळा. आंबवलेला हौद विरजणासारखा असतो. थंडीत मंदावतो, फार ढवळला की बिघडतो आणि रोज थोडं लक्ष मागतो. हौद चांगला असेल तर पाणी हिरवट दिसतं आणि वर तांबूस-जांभळी तकाकी येते. पाणीच निळं दिसलं तर हौद दमलेला आहे, त्यात कपडा घालू नये.

लेप लावलेला कपडा निळीत फार वेळ ठेवता येत नाही, लेप सुटतो. म्हणून थोडा वेळ बुडवायचा, काढायचा, वाळवायचा आणि पुन्हा बुडवायचा. गडद निळा एकाच बुडीत मिळवायचा मोह अनेकांना होतो. त्यात पांढऱ्या रेघा जातात आणि नीळ वरवरची बसते, घासली की हाताला लागते.

आता आपण ज्यासाठी आलो तो टप्पा. नीळ झाली की कपडा भरपूर पाण्यात धुतात, याला ‘विछळणं’ म्हणतात. हौदातल्या वाहत्या पाण्यात कपडा मोकळा सोडायचा, आपटायचा, पुन्हा सोडायचा. माती, डिंक, चुना तर जायलाच हवेत. शिवाय धाग्याला न धरलेली तुरटी आणि लोहही निघून गेलं पाहिजे. ते राहिलं तर पुढे लाल रंगाच्या कढईत सुटतं, पांढऱ्या रेघांवर जाऊन बसतं, आणि पांढरा गुलाबी होतो किंवा राखाडी पडतो. मग तो कशानेही परत येत नाही.

घरी बादलीत तीन पाणी काढली की आपल्याला वाटतं धुऊन झालं. कारखान्यात पाहिलं की कळतं, कपडा पाण्यात किती मोकळा असावा लागतो. घडी पडून ओली माती एका जागी दुमडून राहिली तर त्या जागची तुरटी शेजारच्या पांढऱ्यावर उतरते. गुरूंना एवढंच विचारा की ‘आता पुरे’ हे ते कशावरून ठरवतात. कोणी पिळलेल्या पाण्याचा रंग सांगेल, कोणी कपड्याचा हाताला लागणारा निसरडेपणा. जे सांगतील ते त्यांच्यासमोर, त्याच कपड्यावर स्वतः करून बघा. एक दिवस छपाईच्या टेबलापाशी न जाता पूर्ण वेळ हौदावरच काढलात तरी चालेल. माझ्या मते तोच दिवस सर्वांत मोलाचा.

शेवटी लाल. मोठ्या भांड्यात अलिझरिन किंवा मंजिष्ठेच्या मुळांच्या पाण्यात कपडा हळूहळू तापवत नेतात आणि सतत हलवत राहतात. डाग पडू नयेत म्हणून धायटीची फुलंही घालतात. तुरटी जिथे होती तिथे लाल चढतो, लोहाच्या जागी काळा आणखी गडद होतो, पांढरं आणि निळं तसंच राहतं. अलिझरिन हा मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांतलाच लाल घटक. 1868 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत तयार केला, आणि बाजारातलं अलिझरिन आज बहुतेक कृत्रिमच असतं. वापरायला हरकत नाही, पण आपला कपडा ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून विकण्यापूर्वी पुडीत काय आहे ते विचारून घ्या.

आता नमुनावही. एक लांब पट्टी सगळ्या टप्प्यांतून न्या आणि प्रत्येक टप्प्यानंतर तिचा बोटभर तुकडा कापून वहीत टाचा. शेजारी तारीख, ऊन होतं की ढग, पाणी कुठलं, कपडा किती वेळ भिजला हे लिहा. छायाचित्रात लाल रंग कधीच खरा येत नाही आणि लेपाची जाडी दिसत नाही. तुकड्यात दोन्ही सापडतात. वही तिथेच लिहा. गाडीत बसून आठवून लिहिलेल्या वह्या फार उपयोगाच्या नसतात.

घरी आल्यावर पहिली परीक्षा पाण्याची. ग्लासभर पाण्यात चिमूटभर हिरड्याची पूड टाका आणि थोडा वेळ थांबा. पाणी करडं किंवा काळसर झालं तर त्यात लोह आहे, आणि आपला लाल मळकट येणार. बोअरवेलच्या पाण्यात हे वारंवार आढळतं. अशा वेळी पावसाचं साठवलेलं पाणी वापरून बघा. उलट पाण्यातला चुन्याचा अंश मंजिष्ठेच्या लालला मदतच करतो. म्हणून जड पाणी म्हणजे वाईट पाणी, असं सरसकट धरू नका. गुरूंचा लाल आपल्या घरी हुबेहूब येणार नाही. आपल्या पाण्यात कुठला लाल चांगला येतो ते शोधायचं.

सुरुवात हातरुमालाएवढ्या तुकड्यांपासून करा आणि नीळ पहिल्या महिन्यात आणूच नका. हिरडा, कट, तुरटीचा लेप, धुणं आणि लाल एवढंच. चार तुकडे एकसारखे छापा, पण एक कमी धुवा, एक मध्यम, एक भरपूर आणि एक गुरूंनी सांगितला तसा. पांढऱ्या जागा एकमेकींशेजारी ठेवल्या की धुण्याचा फरक उघड दिसेल. रंगाचं उरलेलं पाणी, विशेषतः लोहाचं, विहिरीत किंवा ओढ्यात ओतू नका.

नावाचाही प्रश्न येतो. ‘कच्छ अजरख’ला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे जीआय टॅग. आपल्या ओढणीला ‘कच्छ अजरख’ म्हणू नये. अमुक कारागिरांकडे शिकून केलेली ठसेछपाई, असं म्हणावं, आणि त्यांचं नाव द्यायचं तर आधी त्यांना विचारावं. त्यांच्या घराण्यातले ठसे तसेच्या तसे कोरून घेण्यापेक्षा आपली नक्षी घ्या. वाड्याच्या जाळीपासून रांगोळीच्या ठिपक्यांपर्यंत भौमितिक नक्षीला आपल्याकडेही तोटा नाही.

दुसऱ्यांदा जाल ते एकच टप्पा शिकायला जा, बहुधा नीळ. जाताना घरचे बिघडलेले तुकडे, नमुनावही आणि आपल्या नळाच्या पाण्याची एक बाटली बरोबर घ्या. चांगले आलेले तुकडे घरी ठेवले तरी चालतील, त्यांवर गुरूंना बोलण्यासारखं फारसं नसतं.